माळ्यावरच्या दांड्या

"अव्वाच नको म्हणत होती," हे वाक्य त्या दिवसांत मी भेटेल त्याला ऐकवलं. डॉक्टरांना, बहिणीला, शेजाऱ्यांना, दुकानात विचारपूस करणाऱ्या गिऱ्हाइकांना. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं. म्हातारी माणसं ऐकत नाहीत हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. समोरचा मान हलवायचा, स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्यांची एखादी तक्रार सांगायचा आणि विषय तिथंच मिटायचा. ते वाक्य खोटं होतं. हे मला माहीत होतं आणि अव्वाला माहीत होतं.

अव्वा म्हणजे माझी आई. आमचं घर लिंगायतांचं. सोलापुरात राहून पिढ्या गेल्या, बोलणं बरंचसं मराठी झालं, तरी आईला अव्वा आणि मोठ्या बहिणीला अक्का हे कानडी तसंच टिकलंय. मी धाकटा भाऊ, म्हणून तम्मा. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात तम्माच. माझं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. गिऱ्हाइकापुढं घडी उलगडायची आणि आपण गप्प राहायचं, ही माझी धंद्याची रीत. घरातही मी कमीच बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सरळ समजतात. त्याचा फायदा मी आयुष्यभर घेतला.

आमचं बाथरूम आधी शहाबादी फरशीचं होतं. काळपट, खरबरीत फरशी. ओला पाय ठेवला तरी धरून ठेवायची. मुलीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं तेव्हा मी ती उखडून टाकली. पाहुणे हातपाय धुवायला आत जाणार आणि त्यांना ती काळी फरशी दिसणार, याची मला लाज वाटली. बायको म्हणाली, "आत्याबाईंना एकदा विचारा. रोज पहाटे त्याच जातात तिथं." मी विचारलं नाही. भिंतींना निळ्या टाइल्स बसवल्या. मधोमध समुद्रातून उडी मारणारे डॉल्फिन. खालीही तशीच निळी, चकचकीत फरशी. दुकानात दुसरीही एक दाखवली होती, जराशी खरखरीत. ती मला नीट न धुतल्यासारखी दिसली.

पहिल्या दिवशी अंघोळ करून बाहेर येताना अव्वा म्हणाली, "तम्मा, ते मासे लई निर्लज्ज हायत. टक लावून बघत्यात."

"डॉल्फिन आहेत ते, अव्वा."

"असू दे की. बाईमाणसाच्या अंघोळीत त्यांचं काय काम?"

आम्ही खूप हसलो. पाहुणे आले, लग्न ठरलं, मुलगी पुण्याला गेली. पाहुण्यांपैकी कुणी बाथरूममध्ये गेलंच नव्हतं. हात त्यांनी अंगणातल्या नळावर धुतले.

त्या बाथरूमच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. नळ रोज येत नाही. आला की भरून घ्यायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. गच्चीवर टाकी आहे, पण उन्हाळ्यात तिचं पाणी कढत होतं, अंगावर घेववत नाही. म्हणून कमरेच्या वर येईल एवढं पिंप आतच ठेवलेलं. टाइल्सना शोभावं म्हणून मी मुद्दाम निळं शोधून आणलं होतं.

मग दिवाळीला अक्का अक्कलकोटहून आली. तिच्या सासूबाई आदल्या वर्षी मोरीत घसरल्या होत्या, त्यामुळं तिनं हे सगळं पाहिलेलं. येताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्टीलच्या दोन दांड्या आणल्या. भिंतीत बसवायच्या, धरून उठा-बसायच्या.

"एक दाराशी, एक अंघोळीच्या जागी," ती म्हणाली. "तम्मा, उद्याच लावून घे. अव्वाचे गुडघे बघ की."

मी प्लंबरला बोलावलं, हे खरं. त्यानं टाइलवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "शेठ, जास्तीचे पीस राहिलेत का? ड्रिल मारताना तडा गेला तर बदलायला लागेल." पीस नव्हते. दुकानात विचारलं तर ते डिझाइन येणं बंद झालं होतं. मी प्लंबरला चहा पाजला आणि परत पाठवला. दांड्या वर्तमानपत्रासकट माळ्यावर टाकल्या.

अक्काला काहीतरी सांगणं भाग होतं. संध्याकाळी अव्वा ज्वारी निवडत बसली होती. मी जाता जाता विचारलं, "अव्वा, तुला त्या दवाखान्यातल्यासारख्या दांड्या-बिंड्या काही नकोत ना?"

तिनं सुपावरून मान वर केली नाही. "मला काय झालंय? दवाखान्यात हाय का मी?"

झालं. हवं तेच उत्तर मिळेल असा प्रश्न कसा विचारायचा, हे दुकानात बसणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. "हाच रंग बांधू ना?" असं विचारलं की दहातली बरीच गिऱ्हाइकं हो म्हणतात. मी अक्काला फोन केला, "अव्वा नको म्हणतेय." पुढं ती दर फोनला विचारायची आणि मी दर वेळी तेच सांगायचो. सांगता सांगता ते मलाही खरं वाटायला लागलं होतं, असं लिहिण्याचा मोह होतोय. पण तसं नव्हतं. माळ्याकडं नजर गेली की मी ती लगेच दुसरीकडं वळवायचो. खरं वाटत असतं तर वळवली नसती.

एकदा बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. अव्वा पाय धुवायला आत गेली होती. मला दिसलं की ती एका हातानं पिंपाचा काठ धरते, मग गुडघा वाकवते, मग हळूच छोट्या स्टुलावर टेकते. उठतानाही तसंच. पिंप जराही हललं नाही. मला हायसं वाटलं. रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, "अव्वा पिंपाला धरते. चांगला आधार आहे तो."

बायको मोडनिंबची, सरळ बोलणारी. "पिंप म्हणजे काय भिंत आहे का?" ती म्हणाली.

"भरलेलं पिंप मला एकट्याला हलवता येत नाही."

"भरलेलं," ती म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

मी पुढं विचार केला नाही. नळ आला त्याच दिवशी मी ते पाहिलं होतं. पिंप काठोकाठ होतं. पुढच्या प्रत्येक दिवशी ते थोडं थोडं हलकं होत जाणार, आणि अव्वाचा हात मात्र तेवढ्याच विश्वासानं त्यावर पडणार, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. आणू दिलं नाही म्हणू.

ते ऐन उन्हाळ्यात झालं. नळाचा दिवस पुढं ढकलला गेला होता. पिंपात तळाला गेलेलं पाणी अव्वा वाकून तांब्यानं काढत होती. मी पेपर वाचत होतो. आतून ढोलासारखा पोकळ आवाज आला, त्यामागून तांब्या गडगडत गेल्याचा, आणि मग काहीच नाही.

"अव्वा?"

उत्तर नाही. मी दार ढकललं. आतून कडी होती.

"अव्वा!"

"तम्मा, तू आत येऊ नको." तिचा आवाज खालून, फरशीवरून येत होता. "अंगावर काय न्हाय माझ्या."

शेजारच्या माणसानं धक्के देऊन कडी उखडली, तरी दार उघडेना. दार आतल्या बाजूला उघडायचं, आणि आडवं झालेलं पिंप दार आणि अव्वा यांच्यामध्ये अडकलं होतं. दार रेटलं की पिंप तिच्या पायावर रेटलं जायचं आणि ती कण्हायची. शेवटी बायको कशीबशी फटीतून आत शिरली. तिच्या हातात चादर होती, आमच्याच दुकानातली. मी बाहेर उभा. फटीतून मला फक्त निळी फरशी दिसत होती, तिच्यावर पसरलेलं थोडंसं पाणी, आणि त्यात उलटा दिसणारा डॉल्फिन.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "बाथरूममध्ये धरायला काही केलेलं नव्हतं का?"

"बहिणीनं दांड्या आणून दिल्या होत्या," मी म्हणालो. "अव्वाच नको म्हणत होती."

"आजी, ऐकायचं असतं मुलांचं," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले.

अव्वा स्ट्रेचरवर होती. डोळे मिटलेले. पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा घट्ट दाबलेल्या नसतात.

ती घरी आली आणि भेटायला माणसं यायला लागली. गोष्ट तोवर गल्लीभर पोचली होती आणि पोचता पोचता सुधारली होती. समोरच्या काकू आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "काय हो आज्जी, लेकानं हौसेनं आणलेल्या दांड्या लावू दिल्या न्हाईत म्हणं! लई हट्टी बगा तुमी." बायकोचे मामा आले, ते म्हणाले, "पोरगं जीव टाकतंय तुमच्यावर, आणि तुम्ही त्याचं ऐकत नाही." अक्का फोनवरून रोज तिला बोलायची, "अव्वा, तुझ्या हट्टापायी बघ काय झालं." अव्वा पंख्याकडं बघत सगळं ऐकून घ्यायची. एकदाही तिनं "मी नको म्हटलं नव्हतं" असं म्हटलं नाही. मी आत जाऊन पाहुण्यांना चहा आणायचो. चहा आणणं हे गप्प बसण्यापेक्षा बरं वाटायचं. हातात काहीतरी असायचं.

त्याच दिवसांत दुसरी गोष्ट सुरू झाली, आणि तिनं आम्हाला खरं घाबरवलं. अव्वाचा लहानपणापासूनचा नेम असा की आधी अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि त्यानंतरच तोंडात घास. दवाखान्यात तिनं सगळं सोसलं. पण घरी आल्यावर बायको ओल्या टॉवेलनं अंग पुसून द्यायची, ती अंघोळ तिच्या लेखी अंघोळ नव्हती. कपाळाला भस्म लावायची, पण लिंग काही हातावर घ्यायची नाही. आणि पूजा नाही म्हणून ताटाला हात लावायची नाही. दूध, पेज, ताक एवढंच. "पातळ चालतंय," म्हणायची. मठातले अय्या, म्हणजे आमचे गुरुजी, येऊन समजावून गेले, "अव्वा, आजारपणात भस्म लावलं तरी पुरतं. देव समजून घेतो."

तिनं हात जोडले. ते गेल्यावर म्हणाली, "देव घेतो समजून. माझं काय?"

तिच्या पोलक्याच्या बाह्या सैल पडायला लागल्या. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काका, आजींच्या पायात जोरच राहिला नाही. जेवण वाढलं नाही तर त्या परत उभ्या राहायच्या नाहीत." डॉक्टरांनी खुर्चीवर बसून अंघोळ करायला परवानगी दिली, तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. बायकोनं पाणी तापवलं आणि अव्वाला उठवायला गेली.

"त्या मोरीत मी पाय ठिवणार न्हाय," अव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सगळे म्हणाले, भीती बसली. मीही तेच धरून चाललो आणि कामाला लागलो. पिंप उचलून मागच्या अंगणात नेलं आणि त्याच्या जागी अर्धी भरलेली बादली उंच स्टुलावर ठेवली, म्हणजे वाकायला नको. प्लास्टिकची खुर्ची आणली, पायांना रबर लावलेली. फरशीवर घसरू नये अशी रबरी चटई अंथरली. दाराशी उंबऱ्यासारखा उंचवटा होता, तो फोडून सपाट केला. सुताराला बोलावून दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं आणि आतली कडी काढून टाकली. एरवी मी दुकान सोडून कुठं जात नाही. ते दोन दिवस मी दुकान उघडलंच नाही. मनात म्हणत होतो, बघा, करतोय ना सगळं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "सगळं केलंत," ती म्हणाली. "माळ्यावरचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी केलेल्या कामांत टाइलला भोक पाडावं लागेल असं एकही काम नव्हतं. मी हे ठरवून केलं नव्हतं. हातच त्या बाजूला जात नव्हता.

मी शिडी लावली. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, दांड्या आत नव्यासारख्या चकचकीत. प्लंबरला फोन केला आणि अव्वाच्या खाटेजवळ जाऊन बसलो.

"अव्वा, दांड्या लावून घेतोय. कुठं लावू सांग."

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "आता कशाला? मी नको म्हणते ना."

मी तिच्या पायथ्याशी पडलेली चादर घडी करायला घेतली.

"म्हणते की न्हाय? सगळं गाव येऊन सांगून गेलं. मी हट्टी, मी लेकाचं ऐकत न्हाय. डॉक्टरपण बोलला." ती हळूहळू माझ्याकडं वळली. वळतानाही तिला दुखत होतं, ते दिसत होतं. "म्हटलं होतं का मी, तम्मा?"

"एकदा तू म्हणाली होतीस..."

"तू इचारलं कसं ते आठव की."

बाहेर रस्त्यानं रिक्षा गेली. तिच्या आवाजाचं निमित्त करून मी उठलो आणि खिडकी ओढून घेतली.

"पडले ते पडले," अव्वा म्हणाली. "वय झालंय, हाड मोडायचंच. त्याचं मी काय म्हणत न्हाय. पण ते माझ्या माथी का मारलंस? माणसं येऊन मला बोलत्यात, आणि तू त्यांना चहा आणून देतोस."

"टाइल्स फुटतील म्हणून लावल्या नाहीत," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत ते मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. ऐकायला किती लहान वाटलं ते. मनात असताना त्याला पुष्कळ कारणं चिकटलेली होती. डिझाइन बंद झालं, प्लंबर तडा जाईल म्हणाला, पिंप भक्कम आहे. तोंडाबाहेर आलं तेव्हा नुसत्या टाइल्सच उरल्या.

"अक्काला फोन लाव," अव्वा म्हणाली.

"संध्याकाळी सांगतो तिला."

"आत्ता. मला पण ऐकू यील असा लाव."

मी स्पीकरवर टाकला. पलीकडं कुकरची शिट्टी होत होती. अक्का म्हणाली, "काय तम्मा, खाल्लं का तिनं काही?"

"अक्का, अव्वा नको म्हणाली नव्हती. दांड्यांना. मीच लावल्या नाहीत."

"म्हणजे?"

"ड्रिल मारलं असतं तर टाइल फुटली असती. तसली परत मिळत नाही."

पलीकडं तिनं गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाली, "त्या माशांसाठी?"

"डॉल्फिन," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

"यप्पा," अक्का म्हणाली. तिचा आवाज फाटला. "रोज फोन करून बोलले रे मी तिला. रोज. आजारी माणसाला. आणि तू तिथंच बसलेला असायचास की. अव्वा, ऐकतेयस का गं? मला का न्हाई सांगितलंस?"

"तू माझं खरं धरलं असतंस?" अव्वा म्हणाली.

अक्का रडत होती. "ठेव तम्मा. तुझ्याशी मला आत्ता बोलायचं नाही." पुढं बरेच दिवस ती बोललीही नाही. फोन करायची तो बायकोच्या मोबाइलवर.

अव्वानं मला जवळ घेतलं नाही, काही समजूतही घातली नाही. मीही तशी अपेक्षा करू नये, हे तिनं चेहऱ्यावर ठेवलं होतं. थोड्या वेळानं म्हणाली, "साकु, पुरे झालं. आता उचल मला. वॉकर दे."

पडल्यापासून ती पहिल्यांदाच त्या दारातून आत गेली. लुगड्यानिशी, कोरड्या खुर्चीवर बसली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पिंपाच्या रिकाम्या जागेकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग सुनेला म्हणाली, "माझी भस्माची गोळी आण गं. आणि चमचाभर पाणी."

तिनं गोळी उगाळून तळहाताला फासली. डोळे मिटले. बसल्याची हालचाल केली आणि डावा हात आपसूक जिथं गेला तिथं भिंतीवर टेकवला. निळ्या टाइलवर पांढरा पंजा उमटला. "बसताना हितं." मग उठायला लागली. मी आणि बायको दोन्हीकडून सावरायला तयार. उजवा हात समोरच्या भिंतीवर जरा वर गेला. "उठताना हितं."

दुसरा पंजा बरोबर डॉल्फिनवर होता.

प्लंबर आला. दोन्ही खुणा बघून त्याला आठवलं असावं. तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "शेठ, हा वरचा थोडा बाजूला घेतला तर जॉइंटमध्ये येईल. टाइल वाचेल."

"हात उमटलाय तिथंच," मी म्हणालो.

त्यानं टाइलवर चिकटपट्टी लावली, ड्रिल घसरू नये म्हणून, आणि सावकाश सुरू केलं. निळी भुकटी खाली पडत होती. पहिली दांडी बिनबोभाट बसली. दुसरीच्या वेळी बारीकसा आवाज आला, काचेच्या बांगडीसारखा. डॉल्फिनच्या तोंडापासून शेपटीपर्यंत केसाएवढा तडा गेला. खोटं कशाला सांगू, पोटात कळ आलीच. एवढं सगळं झाल्यावरही आली. माणूस एका दिवसात बदलत नसावा. निदान मी तरी बदललो नाही. फक्त ती कळ या वेळी मी तशीच येऊ दिली आणि दोन्ही दांड्यांना सगळं अंग टाकून लोंबकळून पाहिलं. पक्क्या होत्या. भरलेल्या दिवशीही आणि रिकाम्या दिवशीही तितक्याच पक्क्या राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पाणी काढलं. अव्वानं दोन अटी घातल्या. आत कुणी यायचं नाही, आणि दार लोटलेलं असेल, उघडं नाही.

"आणि काही झालं तर?" बायकोनं विचारलं.

"तांब्या वाजत राहील की. बादलीला लागून वाजतोच. वाजायचा थांबला तर ये. तोवर बाहेर बसायचं."

बायको दाराशी उभी राहिली. मी जरा लांब, पायरीवर. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दांडीला काहीतरी लागल्याचा. बांगडी असेल. मग पाणी. तांब्या बादलीला लागायचा, पाणी पडायचं, परत तांब्या. असं किती तरी दिवसांत आमच्या घरात ऐकू आलं नव्हतं. मध्येच ती काहीतरी कानडी पुटपुटत होती.

मग तांब्या थांबला.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो. बायकोचा हात दाराकडं गेला.

"साबण लावायले!" आतून आवाज आला. "बसा खाली!"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी परत पायरीवर बसलो.

ती स्वतःच्या पायांनी, वॉकर धरून बाहेर आली. ओले केस, कपाळावर भस्माची तीन बोटं. खाटेवर बसून तिनं लिंग तळहातावर घेतलं. एरवी तिची पूजा चटकन आटपायची. त्या दिवशी ती खूप वेळ हाताकडं बघत बसली. मी तिकडं बघायचं टाळलं. ते तिचं होतं.

मग तिनं ताट मागितलं. भाकरी, दही, शेंगाचटणी, मेथीची भाजी. बायकोनं भाकरी दुधात कुस्करून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "मला दात हायत अजून." ती भाकरीचा तुकडा मोडतच होती तेवढ्यात समोरच्या काकू आल्या, हातात झाकलेली वाटी. आल्या त्या सरळ बाथरूममध्ये डोकावल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "बसल्या की दांड्या! ऐकलं म्हणायचं शेवटी म्हातारीनं. आदीच ऐकलं असतं तर?"

अव्वाचा घास ताटातून उचलला गेला होता, तो मध्येच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, काकूंकडंही नाही. ताटाकडं बघत राहिली.

मला चहा आणायला आत जाता आलं असतं.

"काकू," मी म्हणालो, "ती नको म्हणालीच नव्हती. दांड्या घरात पडून होत्या. मीच लावल्या नाहीत, टाइल्स खराब होतील म्हणून. आणि सगळ्यांना तिचं नाव सांगितलं."

काकूंना वाटीचं काय करावं कळेना. त्यांनी ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

अव्वानं घास तोंडात घातला, नीट चावला.

"तम्मा," ती म्हणाली, "काकूंना बसायला खुर्ची दे की. आणि मला अजून थोडं दही आण."